सायकॉलॉजीचा प्रोजेक्ट करताय? लिंक पाठवायच्या आधी डेटाचे प्रकार समजून घ्या

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारी आला की तोच प्रश्न ठरलेला, "सर, शंभरच्या वर फॉर्म आलेत, आता टेस्ट कुठली लावू?" आणि शीट उघडून बघितली की कळतं, लावण्यासारखं फारसं काही उरलेलंच नाहीये. कारण टेस्ट, म्हणजे गोळा झालेल्या आकड्यांवर लावायची स्टॅटिस्टिक्सची चाचणी, ही शेवटी बसून ठरवायची गोष्टच नाही, तुम्ही प्रश्न लिहिला तेव्हाच ती ठरून गेलेली असते. वय विचारताना "१८ ते २०, २१ ते २३" असे पर्याय दिलेत ना, मग विषय संपला, नेमकं सरासरी वय किती हे आता तुम्हाला काही केल्या कळणार नाही.

तर हे सगळं डेटा गोळा करायच्या आधी वाचा. टीवायला आहात, एमएचं पहिलं वर्ष आहे किंवा बारावीला सायकॉलॉजी घेतलंय आणि प्रोजेक्ट अंगावर आलाय, सगळ्यांना चालेल. उदाहरण शेवटपर्यंत एकच धरू, रात्रीचा मोबाईल आणि झोप. अर्धा वर्ग हाच विषय घेतो, तेव्हा कामाला येईल.

स्टेप १: आधी कोरी शीट काढा

गूगल फॉर्म नंतर. आधी एक्सेल उघडा किंवा सरळ वहीचं पान आडवं धरा आणि वर कॉलमची नावं लिहा. एक ओळ म्हणजे एक माणूस, एक कॉलम म्हणजे त्या माणसाबद्दलची एक गोष्ट. पहिला कॉलम कोड नंबरचा, पी०१, पी०२ असा. नाव नको, मोबाईल नंबर तर नकोच. मग वय, शाखा, झोप किती, मोबाईल किती, टेन्शनचा स्कोअर, जे काय असेल ते.

आता प्रत्येक कॉलमखाली तीन गोष्टी लिहायच्या आहेत: ही माहिती येणार कुठून, ती आकड्यात येणार की शब्दात, आणि आकडा असेल तर तो कुठल्या जातीचा. पुढचा सगळा लेख म्हणजे या तीन ओळी कशा भरायच्या एवढंच आहे.

स्टेप २: माहिती कुठून येणार?

व्यक्तिमत्त्वावर काम केलेल्या रेमंड कॅटेल यांनी डेटाचे तीन भाग केले होते: आयुष्याच्या नोंदी, प्रश्नावलीतली उत्तरं आणि टेस्टमधली प्रत्यक्ष कामगिरी. पुढे लोकांनी त्यात "दुसऱ्याने केलेलं निरीक्षण" हा चौथा भाग वेगळा धरला. नवीन माणसाला हे चार पुरतात.

सगळ्यात स्वस्त आणि म्हणून सगळ्यात जास्त वापरला जाणारा म्हणजे सेल्फ-रिपोर्ट. माणसाला विचारलं, त्याने सांगितलं, आपण लिहून घेतलं. पण माणूस सांगतो एक आणि करतो दुसरंच, आणि दरवेळी तो खोटं बोलत असतो असंही नाही. यावरचा जुना आणि मला आवडणारा किस्सा रिचर्ड लापिएर यांचा. १९३० च्या दशकाची सुरुवात, अमेरिकेत चिनी लोकांबद्दल उघड द्वेष, आणि हे गृहस्थ एका चिनी जोडप्याला घेऊन गाडीने देशभर फिरले. २५१ ठिकाणी राहिले किंवा जेवले, त्यातल्या फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना त्यांनी पत्र पाठवून विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? १२८ जणांनी उत्तर दिलं आणि नव्वद टक्क्यांच्या वर लोक म्हणाले, नाही. १९३४ साली हे छापून आलं. आता यात खोट काढता येते, पत्राला उत्तर देणारा मालक आणि त्या दिवशी काउंटरवर बसलेला माणूस एकच होता कशावरून? अगदी बरोबर, आणि ही शंका तुम्हाला आली असेल तर तुम्ही डेटाकडे नीट बघायला लागलात. पण मुद्दा उरतोच. प्रश्नावलीतलं उत्तर हा वागण्याचा डेटा नसतो, वागण्याबद्दल बोलण्याचा असतो.

मोबाईलच्या बाबतीत तर हे हमखास होतं. "रोज किती वेळ मोबाईल बघता" याचं उत्तर अंदाजपंचे येतं आणि फोनमधल्या खऱ्या नोंदीशी ते नीट जुळत नाही हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. मग सोपा उपाय करा ना, अंदाज विचारायच्या ऐवजी सांगा की फोनच्या सेटिंगमध्ये जा, स्क्रीन टाइम उघडा आणि मागच्या आठवड्याचा रोजचा सरासरी आकडा बघून इथे लिहा. कॉलम तोच, पण डेटाचा प्रकार बदलला, आता ती नोंद झाली. झोपेसाठी मोठ्या अभ्यासांमध्ये मनगटावर अॅक्टिग्राफ (हालचालीवरून झोप मोजणारं यंत्र) बांधतात, ते आपल्याला परवडणारं नाही, पण सकाळी उठल्या उठल्या भरायची सात दिवसांची झोपेची डायरी नक्की परवडते, आणि "साधारण किती झोपता" यापेक्षा ती कितीतरी बरी.

निरीक्षणाचा डेटा दिसायला सोपा, करायला भयंकर. अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९६१ चा बोबो डॉलचा प्रयोग सगळ्यांनी पाठ केलेला असतो, मोठ्यांनी बाहुलीला मारलं, मुलांनीही मारलं, झालं. पण डेटा कसा घेतला ते कुणी सांगत नाही. ७२ मुलं होती, प्रत्येकाला २० मिनिटं काचेआडून बघितलं, आणि दर ५ सेकंदांना एक नोंद, म्हणजे एका मुलामागे २४० नोंदी. काय बघायचं याचे प्रकार आधीच ठरलेले होते, हातोड्याने मारणं वेगळं, तोंडाने शिव्याशाप वेगळे. आणि निम्म्या मुलांच्या बाबतीत दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे तीच नोंद केली, दोघांचं जुळतंय का बघायला. तुम्ही लायब्ररीत बसून "मुलं किती वेळा फोन उचलतात" मोजणार असाल तर एवढं तरी करा: उचलणं म्हणजे नक्की काय ते आधी लिहून काढा (वेळ बघायला स्क्रीन चालू केली तर धरायचं की नाही?) आणि मैत्रिणीला शेजारच्या टेबलावर बसवून तिलाही तेच मोजायला लावा. दोघींचं किती जुळलं ते सांगायला कोहेनचा कॅपा (kappa) नावाचा आकडा असतो, १९६० पासून तोच वापरात आहे.

टेस्ट आणि रेकॉर्डबद्दल फार लांबण लावत नाही. स्ट्रूप तुम्ही प्रॅक्टिकलला केलं असेल, "लाल" हा शब्द हिरव्या शाईत आणि सांगायचा शाईचा रंग, १९३५ पासून चालू आहे. त्यात लागलेला वेळ हा टेस्ट डेटा. हजेरीपट, मार्कशीट, दवाखान्याची नोंद हे रेकॉर्ड. रेकॉर्ड पाहिजे असेल तर ऑफिसची लेखी परवानगी महिनाभर आधी मागा, तोंडी "हो, देऊ" वर बसू नका.

स्टेप ३: आकडे की शब्द?

इथे उगाच दोन पार्ट्या पडल्यात, एक म्हणते आकडे म्हणजेच सायन्स आणि दुसरी म्हणते आकड्यात माणूस सापडत नाही. दोन्हीकडे लक्ष देऊ नका. किती, किती वेळा, कुणाचं जास्त, असा प्रश्न असेल तर आकडे. कसं, का, त्याला स्वतःला ते कसं वाटतं, असा असेल तर मुलाखत.

फक्त मुलाखत सोपी समजून घेऊ नका. एक तासाचं रेकॉर्डिंग टाइप करायला नवख्या माणसाला पाच-सहा तास सहज जातात, मग ते पुन्हा पुन्हा वाचा, कोड लावा (म्हणजे प्रत्येक मुद्द्याला छोटं नाव द्या), कोडांमधून थीम, म्हणजे समान सूत्रं काढा. आणि आठ-दहा मुलाखती घेऊन "७० टक्के लोकांना असं वाटतं" असं लिहू नका प्लीज, दहा माणसांचे टक्के काढायचे नसतात, ते काय म्हणाले ते मांडायचं असतं.

एकाच माणसावरचा अभ्यास म्हणजे शब्दांचाच डेटा असंही नाही बरं का. एचएम या नावाने प्रसिद्ध असलेले हेन्री मोलेसन, १९५३ साली फिट्ससाठी त्यांच्या मेंदूचं ऑपरेशन झालं आणि नव्या आठवणी साठवायची ताकदच गेली. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायला लावली, आपल्या कॉलेजात मिरर ड्रॉइंगचं प्रॅक्टिकल असतं ना, तेच. तीन दिवसांत त्यांच्या चुका कमी कमी होत गेल्या आणि तरी हे आपण आधी केलंय हे त्यांना आठवतच नव्हतं. आता बघा, चुकांची संख्या हा आकडा आणि "मी हे कधी केलं नाही" हे त्यांचं बोलणं म्हणजे शब्द, दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय यातली गंमत कळतच नाही. हाताची आठवण वेगळी आणि प्रसंगाची आठवण वेगळी, हे एका माणसाच्या डेटावरून दिसलं.

स्टेप ४: आकडा कुठल्या जातीचा?

हा भाग सावकाश वाचा, व्हायवाला हमखास इथेच विचारतात. १९४६ साली एस. एस. स्टीव्हन्स यांनी मोजमापाच्या चार पातळ्या मांडल्या आणि अजून सगळी पुस्तकं त्याच शिकवतात.

नॉमिनल म्हणजे नुसती नावाची पाटी. कला १, वाणिज्य २, विज्ञान ३. यात ३ हे १ पेक्षा मोठं नाही (विज्ञानवाल्यांना काय वाटायचं ते वाटो). सॉफ्टवेअर मात्र मुकाट्याने शाखेची सरासरी १.८७ काढून देईल, त्याला काय कळतंय.

ऑर्डिनलमध्ये क्रम असतो पण दोन पायऱ्यांमधलं अंतर माहीत नसतं. "कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, रोज" यात कधीकधी ते बऱ्याचदा किती आणि बऱ्याचदा ते रोज किती, कोण सांगणार.

इंटरव्हलमध्ये अंतरं सारखी धरतात पण शून्य खरं नसतं. आयक्यू घ्या, सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा फैलाव) १५ येईल अशा बेताने ते स्केलच बांधलेलं असतं, त्यामुळे १४० वाल्याची बुद्धी ७० वाल्याच्या दुप्पट असं म्हणता येत नाही. रेशोमध्ये शून्य म्हणजे खरंच काही नाही, म्हणून दुप्पट-निमपट बोलता येतं: प्रतिक्रियेचा वेळ मिलिसेकंदात, चुका किती, झोपेचे तास.

आता मुख्य गोष्ट, आणि या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: पातळी ही त्या विषयाला चिकटलेली नसते, ती तुम्ही विचारता कसं त्यावर ठरते. झोप पुरेशी होते का, हो की नाही, हे विचारलंत तर नॉमिनल. झोप कशी होते, वाईट ते उत्तम, हे ऑर्डिनल. काल रात्री किती वाजता झोपलात आणि किती वाजता उठलात, हे विचारून तास काढलेत तर रेशो. आणि वरून खाली कधीही उतरता येतं, खालून वर नाही. तास असतील तर "६ पेक्षा कमी" आणि "६ किंवा जास्त" असे गट नंतर पाडता येतील, पण गटच विचारले असतील तर तास कुठून आणणार? म्हणून होईल तिथे कच्चा आकडा घ्या.

एकाच प्रयोगात किती जातीचा डेटा मावतो हे बघायचं तर स्टॅनली मिलग्रम यांचा येलमधला आज्ञापालनाचा प्रयोग बघा, १९६३ च्या पेपरातला. ४० पुरुष, समोर दुसऱ्या माणसाला विजेचे झटके द्यायची ३० बटणं, १५ व्होल्टपासून ४५० पर्यंत. शेवटचं बटण दाबलं की नाही, हा झाला हो-नाहीचा डेटा, ४० पैकी २६ जणांनी दाबलं, आपल्याला पाठ असलेले ६५ टक्के ते हेच. कितव्या बटणाला थांबला, हा वेगळा कॉलम. नंतर त्यांना विचारलं की समोरच्याला शेवटचे झटके किती दुखले असतील, त्यासाठी १४ पायऱ्यांचं स्केल होतं, आणि सरासरी १३.४२ आली, म्हणजे झटके खरे नव्हते तरी देणाऱ्यांना ते खरेच वाटत होते. शिवाय निरीक्षण: घाम, थरथर, अडखळणं, आणि ४० पैकी १४ जण चक्क कसनुसं हसत होते. नुसता ६५ टक्के वाचला की वाटतं लोक थंडपणे बटणं दाबत गेले, बाकीचे कॉलम वाचले की चित्रच बदलतं. म्हणून प्रोजेक्टमध्ये एकाच कॉलमवर सगळं टांगू नका.

लिकर्टचं काय, हा प्रश्न येणारच. रेन्सिस लिकर्ट यांची १९३२ ची पद्धत, "पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत". एकच प्रश्न असेल तर तो ऑर्डिनल धरा. पण एकाच गोष्टीवरचे आठ-दहा प्रश्न मिळून बेरीज केली असेल तर ती बेरीज इंटरव्हलसारखी वापरायची प्रथा आहे, जवळपास सगळे वापरतात, काही स्टॅटिस्टिक्सवाले अजूनही नाक मुरडतात. माझं म्हणणं एवढंच, जे कराल ते रिपोर्टच्या मेथड या भागात एका ओळीत लिहा आणि गाइडना आधी विचारून घ्या, कारण व्हायवाला बाहेरचे एक्झामिनर कुठल्या बाजूचे निघतील हे देवालाच माहीत.

आणि स्वतःचं स्केल स्वतः बनवायच्या फंदात पडू नका, ते वेगळं काम आहे. तयार आणि तपासलेलं घ्या, मराठी आवृत्ती आधीच कुणी केली असेल तर तीच घ्या. फक्त एक सावधगिरी. पीएचक्यू-९ (नैराश्याची लक्षणं मोजणारी प्रश्नावली) वापरणार असाल तर त्यात ९ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, बेरीज २७ पर्यंत, हे सगळं सोपं, पण नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांबद्दल आहे. फॉर्म निनावी आहे आणि कुणीतरी तिथे ३ भरलं, तर तुम्ही काय करणार? याचं उत्तर लिंक पाठवायच्या आधी तयार पाहिजे. कमीत कमी फॉर्मच्या शेवटी सगळ्यांना दिसेल असा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आणि कॉलेजच्या समुपदेशकाची वेळ द्या. गाइड म्हणाले हे तुम्हाला झेपणार नाही, तर मुकाट्याने दुसरं स्केल घ्या.

स्टेप ५: एकदाच की पुन्हा पुन्हा, स्वतःचा की आयता?

एकदाच सगळ्यांना विचारलं तर क्रॉस-सेक्शनल, त्याच माणसांना पुन्हा पुन्हा गाठलं तर लाँगिट्युडिनल. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ ला जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास अजून चालू आहे, ती मुलं आता पन्नाशी ओलांडून गेलीत. आपल्याला एक सेमिस्टर मिळतं, त्यामुळे परीक्षेआधी आणि परीक्षेनंतर एवढं झालं तरी पुष्कळ. पण तसं करणार असाल तर दोन्ही वेळचा कोड जुळला पाहिजे. कोड हरवला तर कुणाची आधीची ओळ कुठली हेच कळत नाही आणि पेअर्ड टी-टेस्ट (एकाच माणसाचे आधीचे आणि नंतरचे आकडे ताडणारी) गेली.

आयता डेटाही असतो. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेलं २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बरेच जण प्रस्तावनेत टाकतात, टाका, फक्त ते १२ राज्यांत झालं होतं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. तेव्हा "महाराष्ट्रात एवढे टक्के" म्हणून त्याचा आकडा चिकटवू नका. आयता डेटा घेताना कुणाचा, कधीचा, कुठला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

तुमचा स्वतःचा डेटाही कुणाचा असतो हो? व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक टाकली की तुमच्याच ओळखीतले, तुमच्याच वयाचे, रात्री एक वाजता ऑनलाइन असणारे लोक ती भरतात. विषय रात्रीचा मोबाईल आणि लिंक टाकली रात्री साडेबाराला, मग निकाल काय येणार! तास संपल्यावर वर्गात कागदी फॉर्म वाटणं कंटाळवाणं आहे, पण असा घोळ होत नाही. आणि अकरावी-बारावीची मुलं घेणार असाल तर ती १८ च्या आतली असतात, पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतं.

स्टेप ६: लिंक पाठवायच्या आधी पाच जणांवर करून बघा

फॉर्म तयार झाला की तुमच्या सॅम्पलमध्ये नसणारे पाच जण पकडा, भरायला लावा आणि शीट डाउनलोड करा. "किती तास झोपता?" याखाली काय येतं माहितीये? "6". "सहा". "5-6". "साडेपाच". "६ तास पण मधे उठते". "सुट्टीला ९". यातला एकच आकडा सॉफ्टवेअरला नीट कळेल. मग फॉर्ममध्ये परत जा, उत्तराला फक्त आकडा घ्यायची अट लावा, सुट्टीचा आणि कॉलेजचा दिवस वेगळा विचारा आणि "अर्धा तास असेल तर ०.५" असं खाली लिहा. ईमेल गोळा करायचा पर्याय चालू राहिलाय का तेही बघा, नाहीतर वर "निनावी" आणि शीटमध्ये सगळ्यांचे पत्ते.

उलट्या प्रश्नांचंही याच वेळी बघून घ्या. रोझेनबर्गच्या आत्मसन्मानाच्या स्केलमध्ये १० पैकी ५ विधानं उलटी आहेत, म्हणजे त्यांना "सहमत" म्हटलं की आत्मसन्मान कमी, त्यांचे मार्क फिरवल्याशिवाय बेरीज केली तर स्वतःबद्दल चांगलं मत असणारा आणि वाईट मत असणारा दोघंही मधेच येऊन बसतात. न भरलेल्या जागी ९९ टाकायची जुनी सवय असेल तर सॉफ्टवेअरला तसं सांगा, नाहीतर कोपऱ्यात कुठेतरी ९९ वर्षांचा एफवायचा विद्यार्थी तयार होतो. मूळ शीटला हात लावायचा नाही, तिची कॉपी करून त्यावर काम, आणि कुठल्या आकड्याचा अर्थ काय हे वेगळ्या पानावर.

आता त्याच पाच ओळी जमोवी किंवा जॅस्प या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, दोन्ही फुकट आहेत, आणि कॉलमच्या जाती लावून बघा. दोन्ही कॉलम नॉमिनल असतील तर काय-स्क्वेअर. दोन गट आणि एक आकडा असेल तर टी-टेस्ट, आकडा ऑर्डिनल असेल तर मान-व्हिटनी. दोन्ही आकडे असतील आणि त्यांचा एकमेकांशी संबंध बघायचा असेल तर पिअरसन, क्रमवाले असतील तर स्पिअरमन. पाच जणांवर निकाल काही येणार नाही, यायची गरजही नाही, फक्त टेस्ट चालते का एवढंच बघायचंय. कुठे अडलं तर तो प्रश्न आजच बदला, एकदा लिंक ग्रुपवर गेली आणि वीस जणांनी भरली की मग शब्दही बदलता येत नाही. चाललं, तर त्या शीटचं प्रिंट काढून गाइडची सही घ्या आणि मग पाठवा, रात्री साडेबाराला सोडून कधीही.